चार नंबरची टोपी

विनायक, मला तुला एकच विचारायचं आहे. तुला माहीत होतं का?

बाकीचं सगळं राहू दे. छातीत दुखायला लागलं तेव्हा मला फोन न करता रिक्षा पकडून एकटाच दवाखान्यात का गेलास, हे मी शैलावहिनींसमोर काढलेलं नाही आणि काढणारही नाही. तुझं तेरावं उरकलं. इथल्या मराठी मंडळातली माणसं येऊन गेली. जो तो ‘फार भला माणूस’ म्हणत होता आणि मी मान डोलवत होतो. भला होतास, कबूल. पण या भल्या माणसाच्या भिंतीवर इतकी वर्षं माझी टोपी लटकत होती, आणि ती माझी आहे हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, एवढं सांगण्याच्या आत तो उठून निघून गेला. मी आता कुणाशी भांडू?

कुणी तिऱ्हाइताने हे वाचलं तर त्याला वाटेल, दोन म्हातारे डोक्यावरच्या टोपीवरून भांडत होते. तसं असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. तू टोपी म्हणायचास ती गाडीच्या चाकाच्या मधोमध बसते ती. सगळं जग तिला व्हीलकॅप म्हणतं. गोल चौकाला कुणी जोरात वळसा घातला की सैल झालेली टोपी चाकावरून निसटते, खणखणत जाते आणि फुटपाथच्या कडेला पडते. चंदीगडात गोल चौकांना तोटा नाही आणि जोरात वळणाऱ्यांना तर नाहीच नाही. तू त्या पडलेल्या टोप्या गोळा करायचास. पॉलिटेक्निकातून निवृत्त झालेला, दोन खोल्या भरून पुस्तकं असलेला माणूस रोज संध्याकाळी पिशवी घेऊन चौक धुंडाळत फिरायचा, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी चेष्टा चाललीय.

त्यात पुन्हा तुझे नियम. टोपी विकत घ्यायची नाही. सापडली की लगेच घरी आणायची नाही, तिथल्याच झाडाला सुतळीने बांधायची, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. आठवडाभर ठेवायची, म्हणजे ज्याची असेल तो बघेल आणि घेऊन जाईल. आठवड्यात कुणी आलं नाही तर मग ती आपली. घरी आणून पुढची बाजू मऊ फडक्याने पुसायची, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगायची आणि खाली खडूने चौकाचं नाव लिहायचं. नावंही सरकारी नव्हेत. चौकातलं मोठं झाड कोणतं ते नाव. गुलमोहर, अर्जुन, कुसुम, जांभूळ.

आणि शेवटचा नियम. मागची बाजू धुवायची नाही. पुसायची नाही, फुंकर मारायची नाही, बोट लावायचं नाही. आपलं सगळं भांडण इथून सुरू झालं आणि ते संपवायची तसदी तू घेतली नाहीस.

आपली ओळख झाली तो दिवस तरी आठवतो का तुला? मंडळाचा गणपती होता. मी शहराबाहेरच्या झिरकपूरहून घामाघूम होऊन आलो होतो, गाडी लावत होतो, रोहिणी मोदकांचा डबा सांभाळत उतरत होती. तू समोरून आलास. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. माझ्या पद्मिनीच्या डाव्या मागच्या चाकापाशी वाकलास आणि म्हणालास, “चौथी कुठं गेली मर्दा?”

त्या एका प्रश्नाने तू मला जिंकलंस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ती गाडी मी हौसेने घेतली होती, जुनी, पांढरी, चारही टोप्या कंपनीच्या. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलं, मला अर्धवट काही चालत नाही. त्या चार टोप्यांच्या आत मी लाल रंगाने मराठी आकडे घातले होते, एक ते चार, म्हणजे धुताना या चाकाची त्या चाकाला जाऊ नये. आणि त्यातली चार नंबरची हरवली होती. महिना झाला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला दिसत नव्हतं. रोहिणी म्हणायची, तीन आहेत ना, गाडी चालते ना. बघून विचारणारा पहिला माणूस तू.

मी म्हणालो, झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये पडली असेल, घरी पोचल्यावर लक्षात आलं.

“ट्रॅफिकमधी टोपी पडत न्हाई. तिथं गाडी हलतीय कुठं? टोपी वळणावर पडती.”

प्रसाद घ्यायच्या आधी तू मला तुझ्या घरी नेलंस, सेक्टर एकोणतीसला, आणि गॅरेजचं शटर वर केलंस. मी बघतच राहिलो. तिन्ही भिंती टोप्यांनी भरलेल्या. प्लास्टिकच्या, पत्र्याच्या, तुटक्या, चेपलेल्या, आणि एका कोपऱ्यात माझ्या गाडीच्या जातीच्या दहा-बारा. स्टीलच्या, मधोमध फुगीर, अगदी तशाच. मला इतका आनंद झाला की मी हात पुढे केला.

“यातली एक द्या की मला.”

“ह्या दुसऱ्यांच्या हायत. तुमची असंल तर घेऊन जावा. ओळख पटवा.”

“माझ्या टोपीच्या आत लाल रंगात चार लिहिलंय.”

“मग बघा.”

मी एक उतरवली. मागे ब्रेकची काळी भुकटी, ग्रीस आणि चिखल यांचा नखभर जाड थर. आकडा काय, पत्रासुद्धा दिसत नव्हता. मी खिशातून रुमाल काढला आणि तू माझं मनगट धरलंस. पहिल्याच भेटीत, एका अनोळखी माणसाचं मनगट.

“पुसायचं न्हाई.”

“अहो, पुसल्याशिवाय दिसणार कसं?”

“ते तुमचं तुम्ही बघा. पुढची बाजू कंपनीनं केली, ती कशीबी घासा. मागं जे हाय ते रस्त्यानं केलंय. कुठं पडली, किती दिवस पडून होती, पावसात की धुळीत, सगळं तिथं असतंय. ते धुतलं की भंगार.”

मी रागाने टोपी परत टांगली आणि पुढच्या रविवारी पुन्हा आलो.

हे असं इतकी वर्षं चाललं, विनायक. शहाण्या माणसाला सांगून बघ. एका माणसाकडे दहा-बारा टोप्या आहेत, दुसऱ्याला एक हवी आहे. तिच्यावर खूण आहे, खूण चिखलाखाली आहे, आणि चिखल पुसायला परवानगी नाही. मी तुला सगळ्या बाजूंनी समजावलं. म्हटलं, फोटो काढून ठेवू आणि मग पुसू. म्हटलं, चिखल खरवडून डबीत भरून ठेवू, डबीवर चौकाचं नाव लिहू. तू म्हणालास, “अस्थी हायत का त्या?” मी म्हटलं, भिंतीवर घाण टांगून तिला संग्रह म्हणता तुम्ही. तू म्हणालास, “तुम्हा वऱ्हाडातल्या लोकांना धुणीभांडी फार.” अहो-जाहो संपून अरे-तुरे झालं, तुझ्या मुग्धाचं लग्न झालं, माझी नोकरी संपली, तरी तो चिखल तिथल्या तिथे. खरं सांगायचं तर माझी टोपी त्या भिंतीवर असेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. माझी झिरकपूरला पडली होती, हे मी पक्कं धरून बसलो होतो. मला तुला फक्त हरवायचं होतं.

आणि म्हणून रविवार. रविवारी सकाळी पद्मिनी काढून मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटला जायचं आणि चौथी शोधायची. तिथे तुझ्यासारखे आणखी नमुने भेटायचे. मोहालीच्या आयटीतला तो आपला लातूरचा अनिकेत, त्याला फक्त गिअरच्या दांड्यावरचे गोळे लागतात, तेही लोकांच्या हातांनी झिजून आकडे पुसले गेलेले. कुलवंतजी डॅशबोर्डातली घड्याळं जमवतात. त्यांच्याकडे कपाट भरून घड्याळं आहेत आणि एकही चालत नाही, कारण दुरुस्त करायचं नाही हा त्यांचा नियम. मी त्यांना एकदा म्हटलं, एक तरी चालू करा. ते तुझ्याकडे बघून हसले आणि तू माझ्याकडे बघून. तुम्हा सगळ्यांचं आपसात काहीतरी ठरलेलं होतं आणि मी एकटाच बाहेरचा, तीन टोप्या घेऊन फिरणारा.

मार्केटमध्ये टोपी मिळत नव्हती असं नाही. मिळायची. पण तू प्रत्येकीत खोट काढायचास. हिची क्लिप नवीन बसवलीय. ही डुप्लिकेट, वजन बघ. हिच्यावर क्रोम पुन्हा चढवलाय. एकदा मात्र अगदी बिनखोट मिळाली. मी खालून-वरून तपासली, माझ्या आयुष्यभराच्या नोकरीला स्मरून सांगतो, ती टोपी पास होती. दुकानदार कागदात गुंडाळायला लागला. तू शेजारी उभा राहून चहा पीत होतास. शांतपणे म्हणालास, “घे की. पर उद्या तुझी चौथी घावली तर? पाच हुतील.”

पाच. मी ती टोपी परत ठेवली. तुला नीट ठाऊक होतं की मला तीन एकवेळ सोसतील, पाच नाही सोसणार. गाडीत बसल्यावर तू खिडकीची काच खाली घेऊन शीळ घालत होतास.

ती शीळ आता माझ्या डोक्यातून जात नाही. ‘उद्या घावली तर’ हे तू उगाच बोललास, की तुला माहीत होतं?

मुग्धा पुण्याहून आलीय ते तुला दिसत असेल तर बघ. बिचारी सगळं आवरतेय. घरमालकांना गॅरेज मोकळं करून हवंय. वहिनी तिच्याबरोबर पुण्याला जाणार. तिने मला फोन केला, “काका, संडे को कबाडीवाला आ रहा है. आपको पापा की जो चीज़ें चाहिए, ले जाओ. ही वुड हॅव लाइक्ड दॅट.” मी मराठीत विचारलं, सगळं भंगारात? ती म्हणाली, “काका, मैं क्या करूँ इतने सारे? मुझे तो बचपन में हाथ भी नहीं लगाने दिया.” मी ‘येतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

गेलो. शटर वर केलं. तू तिथे नव्हतास आणि भिंती जशाच्या तशा होत्या. मला वाटलं होतं मी रडेन. मला राग आला. प्रचंड राग आला, विन्या. हे सगळं असं मध्येच सोडून जायची काय रीत आहे? मी कोपऱ्यातल्या त्या दहा-बारा टोप्या भराभर उतरवल्या, एकावर एक रचल्या, अंगणातल्या नळाखाली वहिनींचा कपड्यांचा टब होता त्यात टाकल्या, वर कपड्यांची पावडर ओतली आणि नळ सोडला. विचार केला नाही. माझ्या हाताला मळकी वस्तू लागली की पहिलं काम धुणं, तेवढंच हाताला येतं. आणि खोटं कशाला बोलू, मनात असंही होतं की बघ, आता मी धुतो, आता धर मनगट.

पाणी काळं झालं, बदललं, पुन्हा काळं झालं. मी बाहीने घाम पुसत काथ्याने घासत बसलो होतो. वहिनी दारातून एकदा बघून गेल्या. एक घासली, दुसरी घासली. चार-पाच झाल्या असतील. मग एक उलटी केली आणि साबणाच्या फेसातून लाल रेघ दिसली. अंगठ्याने फेस बाजूला केला. ४. माझ्या हातचा चार, शेपूट जरा जास्त लांब.

“विन्या, घावली!” मी ओरडलो. तुझ्या बोलीत ओरडलो. टोपी वर धरून गॅरेजकडे वळलोसुद्धा.

मुग्धा धावत बाहेर आली. “काका? क्या हुआ? आप ठीक हो?”

मी तिला टोपी दाखवली, आकडा दाखवला, सगळं सांगितलं. ती माझ्याकडे आणि टोपीकडे बघत राहिली. “तो अच्छा है ना काका. मिल गई ना.”

मिळाली. चांगलंच आहे. मी तिथेच टबाच्या बाजूला बसलो आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय.

तू जर कधी मागची बाजू बघितली असतीस, माझ्या माघारी, एकट्याने, नियम मोडून, तर त्या थरात कुठेतरी बोटाची जागा असती. आकड्यापुरता पुसलेला गोल असता. त्यावर नंतरची नुसती धूळ असती, ग्रीस नसता. मला ते एका नजरेत कळलं असतं, आयुष्यभर मी तेच केलं. आणि थर अखंड असता तर तेही कळलं असतं, की तुला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्यासारखाच तूही रविवारच्या रविवार आंधळेपणाने शोधत होतास. दोनपैकी एक. सगळं त्या मागच्या बाजूला होतं आणि ते मी माझ्या हाताने, पावडर घालून, काथ्याने घासून तुमच्या अंगणातल्या गटारात सोडलं.

तू हेच सांगत होतास ना? इतकी वर्षं हेच सांगत होतास. मी जिंकायला म्हणून धुतली आणि तू जिंकलास, तेही तेरावं झाल्यावर. भांडणाचा निकाल लावायची ही कोणती तऱ्हा?

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला काय माहीत भावजी? त्या भिंतींकडे मी कायम पाठ केली. तुमच्या रविवारचं मात्र ठाऊक आहे. शनिवारी रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. भंगाराच्या बाजारात जायला इस्त्रीचा शर्ट.” एवढं बोलून त्या आत गेल्या. मला त्या इस्त्रीबद्दल ठाऊक नव्हतं.

कुलवंतजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाजी, मुझे तो उसने कुछ नहीं बताया.”

“मतलब उसे पता नहीं था?”

“नहीं जी. मतलब पता था. उसकी आदत थी. जो बात कच्ची हो, दस बार बोलता था. जो पक्की हो, वो बोलता ही नहीं था.”

यावर मी काय समजायचं? पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच पुन्हा फोन आला, की रात्रभर विचार केला, शायद पता नहीं ही होगा. रोहिणी म्हणते, “माहीत असतं तर दिली असती, इतका काही दुष्ट नव्हता तो.” मग दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणते, “पण दिली असती तर तुम्ही परत गेला असता का हो त्याच्याकडे?” गेलो असतो! अर्थात गेलो असतो. मी तिला तसं ठणकावून सांगितलं. ती आत गेली, आणि मी आपला तिच्या पाठीकडे बघत बसलो.

गेलो असतो का मी, विन्या? मी असा सहज कुणाकडे जाणाऱ्यातला नाही, हे तुला कळलं होतं. झिरकपूरला आमच्या इमारतीत बावीस मजले माणसं आहेत आणि मी लिफ्टमध्ये वर बघत उभा राहतो. मला जायला काम लागतं. मित्राकडे जायलासुद्धा काम लागतं. ते काम तू मला दिलंस, की ते आपोआप मिळालं, एवढाच माझा प्रश्न आहे. दिलं असशील तर मला तुझे पाय धरायचेत. आणि दिलं असशील तर मला तुझी कॉलरही धरायची आहे, कारण इतकी वर्षं एका सज्जन माणसाला उल्लू बनवायचं म्हणजे काय!

कबाडीवाला आला तेव्हा मी तिथे होतो. तो तराजू घेऊन आला होता. मी त्याला रिकामे डबे आणि जुने टायर दिले आणि टोप्या माझ्या आहेत म्हणून सांगितलं. सगळ्या पद्मिनीतून तीन खेपांत झिरकपूरला नेल्या. ज्या उरल्या होत्या त्यांतली एकही धुतली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळताना हात काळे झाले तेवढेच. बाल्कनी भरली, दिवाणाखालची जागा भरली. सगळं झाल्यावर रोहिणी एवढंच म्हणाली, “आता तुम्ही भिंतीवर खिळे ठोकणार.” ठोकणार आहे. निघताना तुझ्या भिंतीवरची खडूची नावंही मी फोनमध्ये घेतली.

त्या कोपऱ्यातल्या नावांपुढे मी बराच वेळ उभा होतो. टोप्या मी ढीग करून उतरवल्या होत्या, तेव्हा माझी नेमकी कोणत्या खिळ्यावर होती तेही गेलं. पण त्यातले बहुतेक चौक सेक्टर सतराच्या पलीकडचे, तिकडे माझी गाडी जायचं कारण नाही. माझ्या रोजच्या, इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्याच्या रस्त्यावरचा चौक एकच होता. जांभूळ. तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. झिरकपूर नव्हेच. टोपी वळणावरच पडली होती, हे तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस.

मग मी ते केलं जे ऐकून मुग्धाने कपाळाला हात लावला. टोपी घेऊन जांभळाच्या चौकात गेलो आणि झाडाला बांधली. सुतळी तुझ्याच पिशवीतली. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. आठवडाभर, नियमाप्रमाणे. का, ते मला सांगता येणार नाही. तू ती भिंतीवर लावलीस म्हणजे तिचा आठवडा कधीतरी झाला होता, आणि त्या आठवड्यात मी रोज दोनदा त्या झाडासमोरून वळलो असणार. ती तिथे चमकत असणार. मला ती दिसली नाही. आता निदान बघायला तरी उभं राहावं असं वाटलं.

रोज संध्याकाळी गेलो. तुला इतकी वर्षं काय दिसत होतं तिथे? काही नाही. गाड्या येतात, वळतात, जातात. कुणी वर बघत नाही. सगळ्यांची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत अडकलेली. एक जण खिडकीतून ओरडला, “अंकल जी, मरना है क्या?” मी फुटपाथवर होतो, उलट त्याचंच चाक फुटपाथवर चढलं होतं. पानांचा पाऊस पडत होता, सफाईवाले झाडत होते आणि झाडलेल्यावर पुन्हा पानं पडत होती. मला वैताग आला. तरी दुसऱ्या दिवशी गेलो.

बुधवारी की गुरुवारी एक स्कूटरवाली बाई थांबली. मुग्धाच्या वयाची. “अंकल जी, कुछ गिर गया क्या?”

“हाँ जी.”

“क्या?”

मी वर बोट केलं. तिने बघितलं. “ये किसकी है?”

“मेरी.”

“तो उतार लो ना जी.”

“अभी हफ़्ता पूरा नहीं हुआ,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, अगदी रोहिणी बघते तसं. मग स्कूटर चालू केली आणि निघून गेली. पण वळताना तिने एकदा मान वर करून टोपीकडे पाहिलं. मला तेवढ्याने बरं वाटलं. हे तुला सांगायचं होतं. घरी जाताना मी सवयीने फोन काढला, तुझा नंबर वर आला, आणि मी गाडी बाजूला घेऊन तशीच उभी केली. तिथे मी रडलो, विन्या. झिरकपूरच्या रस्त्यावर, मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

आज आठवडा झाला. कुणी आलं नाही. सुतळी सोडून टोपी उतरवली. तुझ्या नियमाने ती आता माझी.

पुढून मऊ फडक्याने पुसली. मागे सात दिवसांची धूळ बसलीय, पातळ, लालसर. जांभळाचं एक वाळकं पान कडेत अडकलं होतं. त्यातून चार दिसतो. बोट लावलं नाही. मनगट धरायला कुणी नव्हतं, तरी लावलं नाही.

खाली जाऊन पद्मिनीच्या डाव्या मागच्या चाकावर टोपी ठेवली आणि तळहाताने ठोकली. एका फटक्यात बसली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. चारही टोप्या जागेवर आहेत, सेट पूर्ण झाला, कसली म्हणून खोट नाही.

उद्या रविवार आहे, विन्या. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय, आणि मला कुठेही जायचं नाही.